झेंडू संघाची वही

मखमलाबाद, नाशिक
२१ नोव्हेंबर २०२४

उज्वलाबाई अहिरे यांस साधना मौले हिचा नमस्कार.

तुमचं पार्सल काल दुपारी मिळालं. शिवण कुठे उसवलेली नव्हती. आत निघालं ते असं: शंभर पानी वही एक, वर 'झेंडू संघ' असं नाव घातलेली. तिकोनी निशाण एक, काठीशिवाय. शिट्टी एक, पांढऱ्या दोरीसकट. चिठ्ठी नव्हती. तिकिटं अठ्ठ्याहत्तर रुपयांची लागली आहेत, ती तुम्ही भरली. पार्सलचं कापड जुन्या साडीचं दिसतं, धड आहे, धुऊन घडी करून ठेवलं. परत हवं असेल तर कळवावं.

पार्सल शुभांगीच्या नावाचं होतं. तिला दिलं. तिला आनंद झाला. ती आता पिंपळगाव बसवंतला एका हायस्कुलात शिकवते, इतिहास आणि मराठी. सकाळी सहाच्या गाडीनं जाते, दिवेलागणीला येते. अजून लग्नाचं जमलेलं नाही, बघतो आहोत. तुमची आठवण काढत असते.

ह्यांचं ठीक आहे. झेंडूला दसऱ्याला बरा भाव मिळाला, दिवाळीला पडला.

माझ्या सासूबाई भागीबाई चौदा साली वारल्या. रात्री जेवल्या, सकाळी उठल्या नाहीत. तुम्हाला एकदा त्यांची फार काळजी वाटली होती म्हणून कळवते. एवढ्या वर्षांत कळवायचं राहिलं.

तुमचा पत्ता पार्सलवर होता त्यावरून लिहिते आहे. तुम्ही निवृत्त होऊन ताहाराबादला गावी गेलात हे त्यावरूनच कळलं. तब्येतीला जपावं.

साधना सावळीराम मौले


३० नोव्हेंबर २०२४

बाई,

तुमचं कार्ड परवा आलं. नमस्कार, खुशाली काही नाही, एकच ओळ. "वही तिनं वाचली का?"

नाही वाचली. तिला दिलेलीच नाही. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ती तुमची आठवण काढते हेही खोटं. तुमचं नाव ती घेत नाही. तिन्ही वस्तू देव्हाऱ्याखालच्या फडताळात आहेत, पोथ्यांच्या मागे. तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

का दिली नाही ते सांगते. पार्सल आलं त्याच आठवड्यात शुभांगीच्या हेडमास्तरांचा फोन आला होता. त्यांच्या शाळेला मुलींचं गाइड पथक सुरू करायचंय. तिच्या अर्जात त्यांनी वाचलं की ही नववीत गाइडमध्ये संघनायिका होती. म्हणाले, मॅडम, हे तुम्हीच घ्या, दुसऱ्या कुणाला यातलं काही कळत नाही. ती नको म्हणाली. जेवताना ह्यांनी विषय काढला.

"घे की गं. पोरींना रांगेत उभं करायचं नि शिट्टी फुंकायची. तुला तर सगळं येतं."

"शिट्टी फुंकायला सगळ्यांना येतं, अण्णा."

"मग?"

"शिट्टी ऐकली की पोरी डोळे मिटून मागे येतात. मी आले होते. मग कळतं की पुढची बाईच खोटं बोलतेय."

"ते जुनं झालं आता. ती मास्तरीण गेली तिच्या गावाला."

"तिच्यामुळे नाही म्हणत. मी कशी होईन ते मला ठाऊक नाही, म्हणून नाही म्हणते."

मी भाकरी टाकत होते. ती तव्यावर करपली. आमच्याकडे भाकरी करपत नाही. शुभांगीनं ती उचलून स्वतःच्या ताटात घेतली.

त्या रात्री मी वही उघडली. मी दहावी पास आहे, पण हिशेबाची वही आणि पोथी सोडली तर दुसरं काही वाचत नाही. ही वाचली. निळ्या शाईत ती, लाल शाईत तुम्ही. तिनं लिहिलंय, 'आज मेघा दोरीच्या गाठी बांधायला आली नाही, मी तिला रागावले.' खाली तुमचं लाल, 'आधी विचार, का आली नाही. मग रागव.' पुढच्या पानावर तिचं, 'विचारलं. तिच्या हाताला फोड आला होता. सॉरी म्हटलं.' तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, नुसती बरोबरची खूण केली आहे.

अजून एका पानावर, 'संघनायिकेनं सगळ्यात शेवटी जेवायचं.' तेव्हा आठवलं, त्या वर्षी ती घरातही शेवटी जेवायला लागली होती. माझ्याबरोबर बसायची. मला बरं वाटायचं, म्हटलं, पोरीला वळण लागलं, उद्या सासरी नाव काढील. तसं नव्हतं ते, बाई. मी शेवटी जेवते कारण उरलेलं मला चालतं असं सगळ्यांनी धरलेलं आहे. ती आधी सगळ्यांच्या ताटाकडे बघायची, कुणाला काय कमी आहे ते, आणि मग बसायची. मला वाढायचीही तीच. एका पाटावर बसूनही मला हा फरक कळला नाही.

वही शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच तुम्ही ती पाठवलीत, असं मी समजते. ती तिच्या हाती कशी देऊ ते मला कळत नाही. थोडे दिवस द्या.

साधना


५ डिसेंबर २०२४
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

बाई,

आज कलश मांडला, पोथी वाचली, आरती केली आणि नैवेद्य न दाखवता तशीच उठले. आधी हे लिहिते. मागच्या पत्रात मी अर्ध्यावरच थांबले होते. फोनवर मी तुमच्याशी खोटं बोलले, तोंडानं बोललेलं मागाहून फिरवता आलं. आता कागदावर लिहिते, सही करते.

२०१० सालच्या डिसेंबरात तुम्ही शाळेच्या मुलींना पेठ रोडकडे पाच दिवसांच्या शिबिराला नेलंत. अठ्ठावीस डिसेंबर ते एक जानेवारी. संमतीपत्रावर मी सही केली होती. त्यात मी फक्त फी वाचली. दोनशे चाळीस रुपये आणि शिधा वेगळा. फी जास्त वाटली, त्यावर ह्यांच्याशी बोलले, शेवटी दिली. तारखा छापलेल्या होत्या, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शुभांगी पाच वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस ताप उतरेना. तेव्हा मी लक्ष्मीला बोलले होते, ही वाचली तर नऊ वर्षं मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी हिलाच कुमारिका म्हणून पाटावर बसवीन, पाय धुईन, पहिला घास हिला देईन. आठ वर्षं झाली होती. त्या साली नववं. पोरगी शिबिराला गेली आणि त्या संध्याकाळी मी कॅलेंडरवर कुंकवाचा ठिपका द्यायला गेले, तर शेवटचा गुरुवार तीस तारखेला.

तुम्ही पालकांच्या सभेत सांगितलं होतं, संघनायिकेला मध्येच घरी नेता येणार नाही, तिच्या भरवशावर सात मुली असतात. घरात कुणाचं फारच जास्त झालं तर गोष्ट वेगळी. मी त्या 'वेगळी'ला धरलं. एकोणतीसला सकाळी तुम्हाला फोन लावला. सासूबाई अत्यवस्थ आहेत म्हणाले. नातीचं तोंड बघायचं म्हणतात म्हणाले.

सरळ मागितलं असतं तर? "बाई, माझा नवस आहे, तारीख बघायची चुकले, गुरुवारी दुपारपुरती पाठवा." तुम्ही कदाचित नाही म्हणाला असता. कदाचित हो. मी विचारलंच नाही. चुकले म्हणायची लाज वाटली. लाज वाटली म्हणून एका जिवंत माणसाला मरणाच्या दारात नेऊन बसवलं.

माझा हिशेब असा होता की दिराला मोटारसायकलवर पाठवीन, तो घेऊन येईल, शुक्रवारी परत सोडील. तुम्ही म्हणालात, "एकटीला मी पाठवणार नाही, दुसऱ्याच्या हातीही देणार नाही. मीच घेऊन येते." ते मी धरलंच नव्हतं. मग मी साडेनऊपासून स्टॉपवर येऊन उभी राहिले. तुम्ही घरापर्यंत आला असता तर सगळं उघडं पडलं असतं.

तुम्ही उतरलात तेव्हा तिची वळकटी तुमच्या खांद्यावर होती. पोरीचे डोळे सुजलेले. तुम्ही विचारलंत, "मी येऊ का घरी?" मी म्हटलं, नको, माणसं जमली आहेत. तुम्ही माझा हात धरलात. "इथंच रडून घ्या. घरात जाताना मात्र डोळे पुसून जा, म्हातारीला दिसायला नको." आणि मी खरंच रडले. भीतीनं रडले. तुम्ही परतीच्या गाडीची वाट बघत रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिलात, तिथून पुन्हा एकदा हात केलात.

घरी सासूबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. शुभांगी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली.

"अगं, काय झालं? कोन मेलं?" त्या म्हणाल्या.

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. "आई, बाई म्हणाल्या की आजी..."

मी म्हटलं, "मी असं काहीच म्हणाले नाही. उद्याच्या पूजेला दोन तास पाठवा म्हणाले होते. त्यांनी तुला असं का सांगितलं ते त्यांनाच माहीत. त्यांना दुसरी कुणी नायिका करायची असेल."

हे शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून गेलं. पण तेच तिला लागलं. पहिलं खोटं ती कदाचित विसरली असती. हे विसरली नाही.

मागच्या दारी सासूबाईंना खरं सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "मला जित्तीच लाकडावर घातली व्हय गं साधने? नवस बोलली तू, मी का मेले?"

मी म्हटलं, "आत्या, देवीचं काम आहे."

"देवीला इचारलं व्हतं का मग?"

दुसऱ्या दिवशी मी पाय धुतले. परातीत तिचे पाय होते आणि ती दाराकडे बघत होती. मला म्हणाली, "आई, माझ्या सात जणींची जेवणं झाली असतील का गं?" तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही, की आदल्या दुपारीच सगळं होऊन गेलं होतं. तुम्ही परतीच्या गाडीत होतात. चुलीवरचं वरणाचं मोठं पातेलं उतरवताना नेहमी शुभांगी उभी राहायची, दोघींच्या हातात ओली पोती द्यायची, एक-दोन-तीन म्हणायची. ती नव्हती, तुम्ही नव्हता. दुसऱ्या बाई पाण्याच्या टँकरकडे गेल्या होत्या. पोरींनी ओढणीनं धरून पातेलं उतरवलं आणि सातवीतल्या स्वरदाच्या पायावर वरण सांडलं. गुडघ्यापासून खाली.

आम्हाला गुरुवारी संध्याकाळी कळलं, पूजेचा प्रसाद वाटत असताना.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तुम्हाला माहीत नाही. स्वरदाच्या वडिलांनी तक्रार केली. संस्थेनं समिती नेमली. तुम्ही शिबिर सोडून का गेलात, असा प्रश्न. तुम्ही सांगितलंत, मुलीची आजी अत्यवस्थ असल्याचा तिच्या आईचा फोन होता. समितीतले तिघे आमच्या घरी आले. मी चहा केला. मुख्याध्यापकांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, तब्येत कशी आहे आता?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लय बरी हाय. मला काय धाड भरलीय?" मग मला विचारलं, असा फोन तुम्ही केला होता का. मी नाही म्हटलं. हे शेजारी बसले होते. ह्यांना आजवर काहीच माहीत नाही. हे तर तुम्हाला शाळेच्या फाटकात उभं करून नको नको ते बोलले, तेही माझ्याच शब्दावर.

आणि शुभांगीचा कागद. समितीनं तिच्याकडून लेखी मागितलं. तिनं लिहिलं, 'माझ्या आजीला काहीही झालेलं नव्हतं. माझ्या आईने असा निरोप दिला नव्हता. बाईंनी मला खोटं सांगून घरी आणून सोडलं.' चौदा वर्षांच्या मुलीनं, तिला जे खरं वाटत होतं ते लिहिलं. मी वाचून पाहिलं. एक काना राहिला होता, तो मी द्यायला लावला.

मुख्याध्यापकांकडून नंतर कळलं की तो कागद वाचल्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तुमच्याकडून पथक काढून घेतलं, सेवापुस्तकात शेरा मारला, मालेगावकडच्या शाखेत बदली केली. मला तेव्हा वाटलं, बोलायला काही नव्हतं म्हणून गप्प राहिल्या. मनाला तसंच समजावलं.

आता वहीचं शेवटचं पान. अठ्ठावीस डिसेंबरला तिच्या अक्षरात, 'उद्या वरण-भात. पातेलं मी उतरवणार.' खाली तुमच्या लाल शाईत, '२९ डिसें. शुभांगी घरी गेली. आजी गंभीर. आईचा फोन सकाळी ७.१०. परत आल्यावर संघ तिच्याच हाती द्यायचा.'

ही वही तुमच्याकडे होती. त्याच दिवशी, त्याच शाईत लिहिलेली. समितीपुढे तुम्ही ती ठेवली नाहीत. का, बाई? पंधरा दिवस मी हाच विचार करते आहे. एकच उत्तर सुचतं. वही पुढे केली असती तर माझं खोटं निघालं असतं आणि त्याबरोबर पोरीचा कागदही. शाळाभर झालं असतं की मौल्यांच्या मुलीनं बाईंवर खोटं लिहून दिलं. तुम्ही तिला त्यातून काढलंत. मी तिला जन्म दिलेली, आणि मी तिला त्यात घातलं.

वही अजून फडताळातच आहे.

साधना सावळीराम मौले


१४ डिसेंबर २०२४

बाई,

तुमचं काही आलं नाही. येऊ नये हेही मला समजतं.

अजून सांगितलेलं नाही. सोमवारी ती दमून आली होती. बुधवारी ह्यांना पाठीचा त्रास. गुरुवारी पूजा. काल ठरवलंच होतं तर ती पेपर तपासत बसली. कारणं हवी तेवढी सापडतात, मला ती नेहमीच सापडत आली.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. शिबिराच्या आधी फुलं तोडायला ती चुलत भावंडांना घेऊन रानात जायची. आधी नाव घ्यायची, मग काम सांगायची. "विठ्या, तू बांधाची ओळ. गौरे, तू टोपल्या मोज." मजुरीच्या बायकासुद्धा हसत हसत तिचं ऐकायच्या. म्हणायच्या, "मुकादमीण आली गं." त्या साली जानेवारीपासून ती रानात गेली की नुसती फुलं तोडायची. आता अठ्ठावीस वर्षांची आहे, "तूच ठरव" म्हटलं की "तुम्हीच ठरवा" म्हणते. साडीचा रंगसुद्धा. मी लोकांना सांगते, आमची शुभांगी फार समजूतदार आहे, कुणाच्या पुढे पुढे करत नाही.

उद्या रविवार आहे. ती घरी असते.

साधना


२२ डिसेंबर २०२४

बाई,

सांगितलं. गेल्या रविवारीच सांगितलं. आठ दिवस लिहायला हात धजत नव्हता.

सकाळी तिनं केस धुतले, ओट्यावर उन्हात बसली होती. मी वही नेऊन तिच्या मांडीवर ठेवली. निशाण आणि शिट्टीही ठेवली. तिनं आधी निशाणावरून हात फिरवला. म्हणाली, "हे कुठून आलं?" मी म्हटलं, वाच.

ती पहिल्यापासून वाचत गेली. मेघाच्या फोडाचं वाचून हसली. मी उभीच होते. शेवटच्या पानाशी थांबली. तिनं लाल ओळीवर बोट ठेवलं.

"सात वाजून दहा. हा फोन कुणी केला होता?"

"मी."

"आजीचं तू सांगितलंस?"

"हो."

"आणि बाईंना दुसरी नायिका करायचीय, हे?"

"तेही मीच. मनाचं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. सासूबाई असत्या तर त्यांनी माझी पार सालं काढली असती, मला हलकं वाटलं असतं. ती नुसतीच म्हणाली, "मला वाटत होतं, मी त्यांना नको होते. वर्गात एखादी पोर हुशार दिसते, वाटतं हिला पुढे करावं, नि मग वाटतं नको, पुढे केलेल्याला कधीतरी कुणीतरी मागून सोडून देतं. पाच वर्षं शिकवतेय आई, एकाही पोरीला मी पुढे हो म्हटलं नाही."

तेवढ्यात हे रानातून आले. "काय झालं गं दोघींना? कुणाचं काही आलं का?"

शुभांगी माझ्याकडे बघत राहिली. तिनं सांगितलं नाही. मी सांगावं म्हणून थांबली. मग मी ह्यांनाही सगळं सांगितलं, जसं तुम्हाला लिहिलं तसं, सासूबाईंच्या जुड्यांपासून कागदापर्यंत. हे म्हणाले, "त्या बाईला मी फाटकात काय काय बोललो साधना. पोरं ऐकत होती." नंतर परत रानात गेले. दुपारी जेवायला आले नाहीत, संध्याकाळी आले ते न बोलता. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. भांडत नाहीत. तीस वर्षांत आमचं एवढं शांत घर कधी नव्हतं.

मी शुभांगीला म्हटलं, सगळं माझ्यावर टाक. तुझा काही दोष नाही. ती म्हणाली, "तो कागद माझ्या अक्षरात आहे. तू नाही लिहिलास. बाई मला दीड वर्ष ओळखत होत्या, मी त्यांना ओळखत होते, आणि एकदाही जाऊन विचारलं नाही की तुम्ही असं का केलंत. त्यांनी पहिली शिकवलेली गोष्ट, आधी विचार मग रागव. तीच केली नाही. आणि स्वरदा. तिच्या घरी मी गेले नाही. सात जणींची नायिका होते मी."

मंगळवारी तिनं स्वरदाचा नंबर शोधून काढला. ती आता नाशिक रोडला एका दवाखान्यात औषधं देण्याच्या कामावर आहे. माझ्यासमोरच बोलली. स्वरदा हसून म्हणाली म्हणे, "ताई, डाग आहे, सलवारीत झाकतो. पायाचं मी विसरले. तुम्ही न सांगता गेलात एवढंच मला आठवतं." 

बुधवारी ती कपडे घेऊन पिंपळगावला गेली. तिथे एका शिक्षिकेच्या खोलीवर राहते आहे. रोजची ये-जा जड जाते म्हणाली. पाच वर्षं जड गेली नव्हती. रागावली आहेस का विचारलं, तर म्हणाली, "तसं नाही, आई. सध्या तुझ्या हातचं खाताना मला सारखं वाटेल की हे मी का खातेय." मी डबा भरला होता. तो तिनं नेला नाही.

सव्वीसला शेवटचा गुरुवार आहे. कलश मांडीन, सोडणार नाही. पण देवीनं ते नववं वर्ष माझ्या खात्यावर धरलं असेल असं मला वाटत नाही. मी तिच्याकडे आता काही मागत नाही.

आता कामाचं. दोन गोष्टी आहेत.

पहिली माझी. तुम्हाला लिहिलं तेच सगळं मी संस्थेच्या अध्यक्षांच्या नावे लिहून काढलंय, साध्या कागदावर, दोन प्रती, खाली सही आणि ह्यांची साक्षीदार म्हणून सही. ह्यांनी न बोलता केली. तुमच्या सेवापुस्तकातला शेरा आता निघतो की नाही मला ठाऊक नाही, तुम्ही निवृत्तही झालात. पण तो कागद तिथे असायला हवा. मी लगेच टाकणार होते. शुभांगी म्हणाली, "बाईंना विचारल्याशिवाय आता काहीही करायचं नाही. एकदा केलंस." म्हणून थांबले आहे. पाठवू का?

दुसरी तिची. हेडमास्तरांनी तिला पुन्हा विचारलं, गाइड पथकाचं काय ते दोन जानेवारीपर्यंत सांगा, नाहीतर नाव वगळतो. तिनं या खेपेला नाही म्हटलेलं नाही. ती म्हणते, आधी बाईंपुढे उभी राहीन, माझा कागद माझ्या तोंडानं परत घेईन, आणि बाई म्हणाल्या तरच शिट्टी हातात घेईन. तुम्ही नाही म्हणालात तर तेही बरोबर, असं म्हणते. पण तुम्ही बोलावल्याशिवाय तुमच्या दारात येणार नाही. तुम्हाला फोन करायचा नाही, अचानकही यायचं नाही, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मी येते बरोबर, पाया पडते. म्हणाली, तू यायचं नाही, हे माझं आणि बाईंचं आहे.

मी मागितलेलं तुम्ही एकदा ताबडतोब ऐकलंत, वळकटी खांद्यावर घेऊन आलात. त्यामुळे काही मागायला मला तोंड नाही. तरी मागते, तिच्यासाठी. तिला येऊ द्या. रागवायचं असेल तर समोर बसवून रागवा. रविवारी ती मोकळी असते, सटाण्याच्या सकाळच्या गाडीनं येईल.

ये किंवा नको, एवढा एकच शब्द पुरे. दोन तारखेच्या आत तिला मिळायला हवा, म्हणून उलट टपाली कळवा. माझ्या पत्त्यावर नको. सोबतच्या कार्डावर तिच्या शाळेचा पत्ता लिहिला आहे, तिच्याच नावानं टाका.

साधना सावळीराम मौले